आधी प्रोसेसर सांग

हातात पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवणारी एकच दुकानदारीण मी गोंदियाच्या बाजारात पाहिली. बाजार तिला मौसी म्हणायचा, आम्ही आमगावकडची माणसं मावशी म्हणायचो, आणि ओळख पटवायला नावाच्या आधी एक शब्द जोडायचो : प्रोसेसरवाली. प्रोसेसर ती क्वचितच विकायची. तिच्या दुकानात मुख्य माल म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी, रॅमच्या पट्ट्या, नव्या आणि जुन्या. पण पट्टी मागितली की तिच्या तोंडून पहिला प्रश्न यायचा तो प्रोसेसरचा, आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तिचा हात डब्याकडे जात नसे.

एकदा माझ्यासमोर एक तरुण मोटरसायकल सुरूच ठेवून पायरीवर आला. "मौसी, आठ जीबी रॅम दे दो जल्दी."

"प्रोसेसर कोनता?"

"पता नहीं मौसी. वो स्क्रीन पे जो कंपनी का नाम लिखा है ना, वही है."

"ते त टीव्हीचं नाव झालं, बाबू. मी तुले विचारलं कोनाच्या घरचा, तू दाराचा रंग सांगून राह्यला. जा, घरून पाहून ये."

"फिर कल आना पड़ेगा."

"ये ना. दुकान कुठं जाऊन राह्यलं?"

तो चिडून गेला. दुसऱ्या दिवशी आला की नाही ते मला ठाऊक नाही. मावशीला त्याची चुटपुट नव्हती. पट्टी न घेता गेलेला माणूस एक वेळ चालेल, पण चुकीची पट्टी घेऊन गेलेला माणूस तिला झोपू देत नसे.

दुकान म्हणजे गल्लीतली एक अरुंद खोली. एका बाजूला लोखंडी आलमारी, समोर लाकडी काउंटर, आणि काउंटरच्या टोकाला एक उघडं मशीन, ज्याच्यावर प्रत्येक वस्तू लावून पाहिल्याशिवाय बाहेर जात नसे. ते मशीन मावसाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, स्वतः जोडलेलं होतं. दोघंही आमगावजवळच्या एका खेड्यातली, धानाच्या शेतीत वाढलेली. मावसाजींनी शेती भावाकडे सोपवून गोंदियात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि ते नीट चालायला लागलं तेव्हाच एका दुपारी छातीत दुखून गेले. तेरवी झाल्यावर नातेवाइकांनी ठरवलं, सामान भंगारात वजनावर द्यायचं आणि मावशीने गावी परतायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुलूप उघडून नवऱ्याच्या स्टुलावर बसली. तोपर्यंत तिने दुकानात डबा आणून देण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

सुरुवातीला ती फार चुकली, असं तीच सांगायची. कोणीही काहीही मागावं, तिने उचलून द्यावं, आणि माणूस संध्याकाळी भांडायला परत यावा. मग तिने आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीवरून हे समजून घेतलं. मला तिने ते असं सांगितलं होतं : "आमच्याकडं बिजाई मांगाले गेलं त पयले विचारते, बांधी कोनती? वरची का खोलातली? वरच्या बांधीत हलका धान, पानी लवकर सुकते. खोलातल्या बांधीत भारी धान. वरच्या बांधीत भारी धान लावशील त निसवाच्या, लोंब्या निंगाच्या टायमाले पानी राहते का? रोप हिरवं दिसंल, दाना नाई भरन. मंग दोष बिजाईचा का बांधीचा? कोनाचाच नाई. दोष देनाऱ्याचा." प्रोसेसर म्हणजे तिच्या लेखी बांधी, बांध घालून केलेला धानाच्या शेताचा तुकडा, होती. ती आधी पाहायची आणि बी मागून निवडायचं. जनरेशन कोणती, त्याला जुन्या जातीची मेमरी, डीडीआर थ्री, चालते की नव्या जातीची, फोर, किती जीबीपर्यंत पेलते, बोर्डावर जागा कोणती, हे सगळं तिने या एका विचाराला धरून एकेक करत शिकून घेतलं. इंग्रजी तिला अक्षर-आकडे ओळखण्यापुरतं येत होतं आणि ह्या कामाला तेवढं पुरतं.

तिची आणखी एक सवय नव्या माणसाला हमखास फसवायची. पट्टी हातात घेण्याआधी ती उजव्या हाताने आलमारीच्या लोखंडाला स्पर्श करायची आणि तोच हात कपाळाला लावायची. लोकांना वाटे मावशी भाविक आहे, प्रत्येक विक्रीआधी देवाचं नाव घेते. खरं तर लोखंडाला हात लावणं मावसाजींचं. अंगातली वीज पट्टीत उतरून ती मरू नये म्हणून ते आधी लोखंडाला हात लावून ती वीज काढून टाकायचे. कपाळाला लावणं मात्र मावशीचं स्वतःचं. मी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लोखंडाले लावते ते पट्टीसाठी. कपायाले लावते ते तुझ्या मावसाजीसाठी." एवढं बोलून ती खोडरबराने पट्टीच्या सोनेरी पिना घासायला लागली.

माझी तिची गाठ अशाच एका पट्टीवरून पडली. आमगावात मी मुलींसाठी कॉम्प्युटरचा क्लास चालवते. तेव्हा क्लास नवा होता आणि मशीनं जुनी, कोणी कोणी दिलेली. त्यातल्या एकासाठी मी मेमरी मागवली होती, पण ती काही बसेना. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, जरा जोर लावला की बसेल. मला ते पटेना, म्हणून मी सीपीयू दुपट्ट्यात गुंडाळून सरळ गोंदियाला आणला. मावशीने मशीन उघडलं, माझी पट्टी हातात घेऊन तिच्या काठावरच्या खाचेवरून अंगठा फिरवला आणि बोर्डावरच्या जागेवर बोट ठेवलं. "हे पाह्य. इथची खाच इकडं, तिची खाच तिकडं. ही फोर आहे, तुझ्या मसीनले थ्री लागते. जोर लावून बसवली असती त दोनीबी गेल्या असत्या." मग तिने मला योग्य पट्टी दिली, लावून दाखवली आणि माझी पट्टी परत हातात ठेवली. "जे बसत नाई तिथं जोर लावाचा नाई. आन बसलं म्हनून चालंलच, असंबी धराचं नाई." त्या दिवशी मला पहिलं वाक्य महत्त्वाचं वाटलं होतं. दुसऱ्याचा अर्थ कळायला फार दिवस गेले.

त्यानंतर मी पंधरा दिवसांतून एकदा तरी तिच्याकडे जायला लागले. काम असायचं म्हणून, आणि नंतर नसलं तरी. ती मला मास्तरीन म्हणायची. माझ्यासाठी शेजारच्या टपरीवरून चहा मागवायची आणि स्वतःच्या चहात साखर घालू नको म्हणून टपरीवाल्याला ओरडायची, कारण शुगर. सडक अर्जुनीचा एक फोटोग्राफर लग्नाचे अल्बम करायचा. त्याने एकदा बत्तीस जीबी मागितली. मावशीने त्याचा प्रोसेसर विचारला, बोर्ड विचारला आणि म्हणाली, "तुझं मसीन सोळाच्या वर मोजतच नाई. बाकीची कायले भरून राह्यला? शेजारनीले दाखवाले?" तो हसत सुटला आणि सोळाच घेऊन गेला. असं बोलून लोक दुरावतात असं मला वाटायचं, पण सालेकशापासून सडक अर्जुनीपर्यंतची ऑनलाइन सेंटरवाली मंडळी तिच्याचकडे यायची. तिने दिलेली वस्तू परत घेऊन यावी लागत नाही, एवढी एकच तिची जाहिरात होती.

डोळ्यांचं कधी सुरू झालं ते तिने कोणाला कळू दिलं नाही. मला आधी एवढंच जाणवलं की ती पट्टी घेऊन दाराच्या उजेडात जायला लागली आहे. मग एक दिवस म्हणाली, "वाच बरं मास्तरीन, माझा चष्मा घरी राह्यला." पुढच्या खेपेलाही चष्मा घरीच होता. त्याच्या पुढच्या खेपेला चष्मा तिच्या डोळ्यांवर होता आणि तरी ती पट्टी माझ्यापुढे करून म्हणाली, "वाच बरं, चष्मा घरी राह्यला." मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं आणि तिने मान फिरवली. पट्टीवरचे आकडे मुंगीएवढे असतात, ते मलाही डोळे बारीक करून वाचावे लागतात, असं काहीतरी मी बोलले.

तिचा मुलगा राजू रायपूरला नोकरीला आहे. सरळ, मायाळू मुलगा. त्याने हट्ट धरून तिला नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं आणि एका खेपेला त्याला रजा नव्हती म्हणून मी बरोबर गेले. साखरेने डोळ्यांच्या पडद्याला खाल्लं होतं. डॉक्टरीण बाईंनी शांतपणे सांगितलं की इंजेक्शनने आहे तेवढी नजर थोडी टिकवता येईल, गेलेली येणार नाही. परतीच्या गाडीत मावशी खिडकीशी बसली होती. बाहेर भंडाऱ्याच्या अलीकडची शेतं होती, पण ती बाहेर पाहत नव्हती.

"राजू म्हनते, रायपूरले चाल," ती म्हणाली.

"मग जा ना मावशी. सून चांगली आहे, नातू आहे."

"आहेत ना. सबन चांगले आहेत. सकारी चहा भेटंल, दोपारी जेवन भेटंल. कोनी विचारनार नाई का मावशी, याले कोनती बसते." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "डोरे गेले त जाऊ दे. दुकान नाई गेलं पाह्यजे. तिथं बसली का मी कोनीतरी असते."

मी तिचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला नाही, आणि गोंदिया येईपर्यंत आम्ही तशाच बसलो. त्या दिवसापासून मला तिच्या दुकानात जाताना धास्ती वाटायची. कुलूप दिसलं तर, असं वाटायचं.

कुलूप दिसलं नाही. मावशीने दुकान हातांनी चालवायला घेतलं. कोणता डबा कुठल्या कप्प्यात हे तिला पाठ होतं. खाचेवरून अंगठा फिरवला की थ्री की फोर ते तिला क्षणात कळायचं आणि मग ती पट्टी त्या उघड्या मशीनमध्ये लावून पाहायची, त्याच्या बोर्डावर थ्री आणि फोर दोन्हींच्या जागा होत्या. ते सुरू झाल्याचा एकच बारीक आवाज तिला पुरायचा. गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जणांना ती पाहत नाही, चाचपते, हे कळलंच नाही. ज्यांना कळलं ते लेबल वाचून देऊ का विचारायचे, आणि तेव्हा ती एकदम करडी व्हायची. माझ्याकडून मात्र वाचून घ्यायची. पण मी काही रोज तिथे नव्हते.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. धान विकायचं तर शेतकऱ्याला ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि त्या दिवसांत गावोगावच्या सेंटरांवर माणसं सकाळपासून येऊन बसलेली असतात. मी मावशीकडे चहा पीत होते तेव्हा सुखदेवभाऊ आला. कचारगडच्या वाटेवरच्या एका गावात त्याचं सेंटर आहे. आजूबाजूच्या पाच-सहा गावांत दुसरं नाही. त्याने मशीन काउंटरवर ठेवलं, दुपट्टा सोडला आणि त्याच दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"मावशी, बंद पडलं जी. महिनाभर आपोआप बंद होऊन राह्यलं होतं, काल पुरतं गेलं. वट्ट्यावर लोकं बसून आहेत. तारीख निंगून गेली त मले गावात राहू नाई देनार."

मावशीने आलमारीला हात लावला, कपाळाला लावला आणि कामाला लागली. पट्टी काढली, पिना खोडरबराने घासल्या, पुन्हा लावली. काही नाही. तीच पट्टी दुकानाच्या मशीनमध्ये लावली तर ते लगेच सुरू झालं. म्हणजे पट्टी ठीक होती. मग तिने सुखदेवभाऊच्या मशीनला दुसरा वीजपुरवठा लावून पाहिला, बोर्ड पाहिला. शेवटी प्रोसेसरवर बोट ठेवून ती थांबली. प्रोसेसर गेला होता. प्रोसेसर असा सहसा जात नाही, हे तिनेच मला कितीदा सांगितलं होतं.

"कोनता होता हा?" तिने विचारलं.

"सिक्स्थ जनरेशन, मावशी. तुमीच त पाहून देल्ली होती पट्टी, गुदस्ता."

मावशीचा चेहरा बदलला. सहाव्या जनरेशनचे काही बोर्ड असे असतात की त्यांना डीडीआर थ्रीचीच पट्टी बसते, पण कमी व्होल्टेजची, एक पॉइंट पस्तीसची, लागते. दीड व्होल्टची जुनी पट्टी तिथे निमूट बसते, खाच जुळते, मशीन सुरूही होतं. आणि प्रोसेसर रोज थोडा थोडा आतून झिजत जातो. अंगठ्याला यातलं काही कळत नाही. तो फरक फक्त लेबलवर लिहिलेला असतो.

तिने पट्टी माझ्यासमोर धरली. "मास्तरीन, व्होल्टेज वाच."

मी दारात उजेडाला गेले. एक पॉइंट पाच. दीड. मी ते दोनदा पाहिलं. सुखदेवभाऊ रस्त्याकडे पाहत उभा होता, त्याला यातलं काही कळत नव्हतं. मी एक पॉइंट पस्तीस म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. प्रोसेसर गेला, वस्तू आहे, जायचीच, असं म्हणून तो नवा घेऊन गेला असता. दुकान राहिलं असतं. ती स्टुलावर बसलेली राहिली असती. एवढं सगळं माझ्या मनात येऊन गेलं आणि माझं तोंड उघडेना.

"मास्तरीन," मावशी म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "खरं वाच."

"दीड, मावशी."

"दीड?"

"दीड."

तिने दोन्ही तळवे काउंटरवर टेकले. शेजारच्या टपरीवर कोणीतरी मोठ्याने हसत होतं. मग ती सुखदेवभाऊकडे वळली.

"सुखदेव, तू त्या दिवशी म्हनला होता, मावशी, मी वाचून देऊ का? म्हनला होता ना?"

"म्हनलो असन जी. आता काय ध्यानात नाई."

"माझ्या ध्यानात आहे. मी म्हनलं, कायले, मले हातानं समजते. तुझा प्रोसेसर म्या मारला. मले दिसत नाई, सुखदेव. दोन वर्सं झाले, मले दिसत नाई."

सुखदेवभाऊ गडबडून गेला. "असं होते मावशी. मसीनच आहे, काही मानूस थोडी गेला."

"असं होत नाई. असं म्या केलं."

एवढं बोलून ती काउंटरच्या टोकाला गेली आणि त्या उघड्या मशीनच्या वायरी काढायला लागली. मला आधी समजलंच नाही ती काय करते आहे. तिने मशीनवर झाकण बसवलं, कितीतरी वर्षांनी ते झाकण त्याच्यावर बसत होतं, चारही स्क्रू हातांनी शोधून आवळले आणि ते सुखदेवभाऊपुढे सरकवलं. "हे जुनं आहे, पन नोंदनीचं काम याच्यावर होते. वट्ट्यावरच्या लोकायले उद्या बलाव. तुझ्या मसीनले नवा प्रोसेसर मागवून देईन, तवरी हे चालव. आन मंगबी हे तुझ्याकडंच राहू दे."

"पन मावशी, तुमी टेस्टिंग कशावर करसान?"

"कायची टेस्टिंग?" मावशी म्हणाली.

सुखदेवभाऊ मशीन घेऊन गेला. मावसाजींच्या हातचं ते मशीन त्याच्या मोटरसायकलवर मागे बांधलेलं होतं. गल्लीच्या वळणापर्यंत ते मला दिसत होतं आणि मावशीला नव्हतं, तरी ती त्याच बाजूला तोंड करून उभी होती. मी तिला म्हणाले, मी आठवड्यातून दोनदा येत जाईन, सगळी लेबलं वाचून देत जाईन, दुकान बंद करू नका. ती म्हणाली, "आन बाकीच्या दिवसी? तवा जो येईल त्याची बांधी वेगळी असते का?"

दुकान तिने घाईने बंद केलं नाही. नवा प्रोसेसर आला, सुखदेवभाऊचं मशीन सुरू झालं, योग्य पट्टी माझ्याकडून वाचून घेऊन तिने ती स्वतःच्या हाताने बसवली. मग आम्ही दोघी आलमारी उपसायला बसलो. मी प्रत्येक पट्टी वाचायची आणि ती सांगायची, ही कोणत्या जनरेशनला, कोणत्या बोर्डाला, किती व्होल्टची. तसे तिने गठ्ठे लावले आणि प्रत्येक गठ्ठ्यावर माझ्याकडून मोठ्या मराठी अक्षरांत चिठ्ठी लावून घेतली. दुकान घेणाऱ्या माणसाला तिने सगळे गठ्ठे हातात देऊन दाखवले. तो हो हो म्हणत होता. वजनावर काहीच गेलं नाही. सुखदेवभाऊच्या मशीनमधून निघालेली ती दीड व्होल्टची पट्टी शेवटी उरली. मला वाटलं ती फेकेल.

"तिचा काय दोष?" मावशी म्हणाली. "तुझ्या क्लासमधलं ते कोपऱ्यातलं जुनं मसीन आहे ना, सेकंड जनरेशनवालं? तिथं लाव. तिथं ती चांगली चालते." ती पट्टी आजही त्या मशीनमध्ये आहे आणि मुली त्याच्यावर टायपिंग शिकतात.

रायपूरच्या गाडीत बसवायला मी आणि सुखदेवभाऊ गेलो होतो. राजूने सामान चढवलं. मावशी डब्याच्या दारात उभी राहून दाराचा लोखंडी दांडा चाचपत होती. दांडा सापडला तेव्हा तिचा हात सवयीने कपाळाला गेला. मग तिच्याही ते लक्षात आलं आणि ती थोडी हसली. मला मात्र रडू आवरलं नाही आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

मावशी गेल्यावर मी बरेच दिवस त्या गल्लीत गेले नाही. क्लासमध्ये मात्र तिच्या किती गोष्टी माझ्यात आल्या आहेत हे मला मुलींमुळे कळलं. एक दिवस एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुमी प्रत्येक बारीले आलमारीले हात काऊन लावता?" मी तिला अंगातल्या विजेचं कारण सांगितलं. कपाळाला हात जातो त्याचं कारण सांगितलं नाही. आता सगळ्याच मुली आलमारीला हात लावतात आणि त्यातल्या दोघी-तिघी कपाळालाही लावतात.

मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला रायपूरला जायचं होतं. क्लासच्या एका नव्या मशीनला मेमरी घ्यायची होती, म्हणून आदल्या दिवशी मी गोंदियाला मावशीच्या त्या जुन्या दुकानातच गेले. काच लागली आहे, दिवे लागले आहेत. पट्टी घेऊन ती तशीच पिशवीत टाकली आणि लग्न आटोपल्यावर राजूच्या घरी गेले. मावशी वऱ्हांड्यात खुर्चीवर बसली होती. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. माझा आवाज ऐकून ती उठायला लागली, मी तिला बसवलं. नातवाचं, सुनेचं, माझ्या क्लासचं बोलणं झालं. मग मी म्हणाले, "मावशी, एक पट्टी आणली आहे."

"कोनाकडून?"

"तुमच्याच दुकानातून."

"त्यानं प्रोसेसर विचारला?"

"नाही."

तिचा चेहरा उतरलेला मला पाहवेना.

"मीच सांगितला," मी म्हणाले. "आधी तोच सांगितला, मग पट्टी मागितली. त्याने दिली ती मी उजेडात नेऊन वाचली, तेव्हा घेतली."

मावशीने हात लांब केला. खिडकीची लोखंडी जाळी शोधून तिला स्पर्श केला, तोच हात कपाळाला लावला आणि मग तळवा माझ्यापुढे पसरला. मी पट्टी पाकिटातून काढून त्यावर ठेवली. तिचा अंगठा काठावरून सरकत खाचेपाशी थांबला.

"फोर आहे. बसंल," ती म्हणाली आणि पट्टी माझ्या आवाजाच्या दिशेने परत धरली. "आता तू वाच."

मी वाचलं. जीबी, वेग, व्होल्टेज, लेबलवरचा एकही आकडा न गाळता, सावकाश. मान खाली घालून ती ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "आन तुझा प्रोसेसर?" मी तोही सांगितला, जनरेशनसकट.

"मंग चालंल," मावशी म्हणाली.